घरातील खोल्यांची छायाचित्रे काढताना उजेडाचे नियोजन



शेतीस पूरक व्यवसाय म्हणून राहत्या घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी देण्याकडे अनेक कुटुंबे वळत आहेत. राज्यात निवास व न्याहारी योजना आहेच. शिवाय सन २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरणही जाहीर केले. खोली तयार करताना खर्च बराच येतो. न्हाणीघर व शौचालय नव्याने बांधावे लागते, पलंग, गाद्या, मच्छरदाण्या, रंगकाम, वायरिंग या सर्वांसाठी प्रसंगी कर्जही काढावे लागते. एवढे सारे झाल्यावर छायाचित्रे मात्र भर दुपारी, दारात उभे राहून, पाच मिनिटांत उरकली जातात. चित्रात खिडकी पांढरीफटक आणि खोली काळोखी दिसते. पुण्या-मुंबईचा पाहुणा प्रथम हे चित्रच पाहतो. त्याला खोली कोंदट वाटली तर तो दूरध्वनीदेखील करीत नाही, आणि आपले नेमके काय चुकले हे घरच्यांना कधीच कळत नाही.

खोली चांगली असूनही चित्र वाईट येण्याचे कारण बहुतेक वेळा कॅमेरा नसून उजेड हे असते. साध्या मोबाईलवरही समाधानकारक चित्रे निघू शकतात. मात्र उजेड केव्हा, कोठून आणि किती येतो याचा विचार पिकाला पाणी देताना करतो तसा अगोदर करावा लागतो.

डोळ्याला दिसते ते कॅमेऱ्याला का दिसत नाही?

उजेडाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. स्वच्छ उन्हात दुपारी अंगणात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी तो १०,००० लक्सच्या आसपास येतो. घरात खिडकीजवळ काही शे लक्स, तर माजघराच्या मागील कोपऱ्यात जेमतेम १०० लक्स किंवा त्याहूनही कमी उजेड असतो. म्हणजे उन्हातील अंगण आणि आतला कोपरा यांच्यात हजार पटींचा फरक पडतो.

आपला डोळा अंगणाकडे पाहताना बाहुली लहान करतो, कोपऱ्याकडे पाहताना मोठी करतो, आणि मेंदू ही दोन्ही दृश्ये जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच माप लावता येते. त्याने अंगणाचे माप घेतले की खोली काळी पडते, खोलीचे माप घेतले की खिडकी पांढरी होते. सर्व तंत्राचा गाभा यातच आहे. बाहेरचा उजेड कमी असेल अशी वेळ निवडणे, आतला उजेड वाढविणे, किंवा दोन वेगवेगळ्या मापांची चित्रे घेऊन ती एकत्र करणे, असे तीनच मार्ग आहेत. यांपैकी पहिल्या मार्गाला एक पैसाही खर्च येत नाही, म्हणून त्याचा विचार प्रथम करू.

वेळेची निवड

ज्या खिडकीतून थेट ऊन आत येते तिच्याजवळ जमिनीवर किंवा पलंगावर लख्ख पट्टा पडतो. हा पट्टा प्रत्यक्षात सुंदर दिसतो, पण चित्रात त्या जागी नुसता पांढरा डाग उरतो व बाकीची खोली अधिकच अंधारी वाटते. म्हणून सर्वसाधारण नियम असा की, ऊन घराच्या एका बाजूस असताना विरुद्ध बाजूच्या खोल्यांची चित्रे काढावीत. पूर्वाभिमुख घराची ओटी व पुढची खोली दुपारनंतर घ्यावी. मागील पडवी, स्वयंपाकघर व पश्चिमेच्या खोल्या सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान घ्याव्यात. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड वर्षातील बराच काळ सौम्य व स्थिर असतो. जुने चित्रकार उत्तरेच्या खिडकीजवळ बसून काम करीत त्याचे कारण हेच.

ऋतूप्रमाणे यात फरक पडतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो. पुढे पडवी किंवा वळचण नसेल तर दक्षिणेच्या खिडकीची वरची चौकट सात फुटांवर असता ऊन खोलीत सुमारे सहा फूट आत येते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून दुपारी ऊन आत येत नाही. म्हणजे दक्षिणेकडील खोलीचे जे चित्र हिवाळ्यात दुपारी बिघडते, तेच मे महिन्यात दुपारी ठीक येते. आपल्या घरातील कवडसे कोणत्या महिन्यात कोठवर येतात हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना तोंडपाठ असते, कारण पापड-कुरडया आणि मिरच्या त्याच हिशेबाने वाळत घातल्या जातात. त्यांना विचारून वेळ ठरवावी.

पावसाळ्यात छायाचित्रे चांगली येत नाहीत असा समज आहे. खोल्यांच्या बाबतीत तो खरा नाही. ढगांनी भरलेले आकाश म्हणजे एक प्रचंड पांढरा पडदाच असतो. त्यातून उजेड सर्व बाजूंनी सारखा येतो, सावल्या बोथट होतात, आणि बाहेर १०,००० लक्स असल्याने आतील व बाहेरील उजेडातला फरक हजार पटींऐवजी शंभर पटींवर येतो. शिवाय खिडकीबाहेर हिरवे रान असते. श्रावणातील उघडझापीचे दिवस मात्र टाळावेत. ऊन-सावली दर मिनिटास बदलते आणि एकाच खोलीची दोन चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत.

पांढरी चादर

आता आतला उजेड वाढविण्याकडे वळू. आपल्या जुन्या घरांत उजेड कमी असतो तो बांधणाऱ्यांच्या अज्ञानाने नव्हे. खोल पडवी, लहान खिडक्या, उतरते कौलारू छप्पर ही सारी योजना ऊन व पाऊस बाहेर ठेवण्यासाठी आहे, आणि त्यामुळेच माजघर वैशाखातही गार राहते. पाहुणा याच गारव्यासाठी येतो. तेव्हा चित्रासाठी भिंत फोडून खिडकी मोठी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्याऐवजी एक पांढरी स्वच्छ चादर घ्यावी.

खिडकीबाहेर ज्या ठिकाणी जमिनीवर ऊन पडते तेथे ही चादर अंथरावी. सारवलेले अंगण किंवा तांबडी माती पडलेल्या उजेडाचा बराचसा भाग शोषून घेते. पांढरे कापड त्यातील मोठा भाग परत वर फेकते. हा परावर्तित उजेड खिडकीतून तिरका वर जाऊन खोलीच्या छतावर पडतो आणि तेथून सर्व खोलीत पसरतो. छत पांढरे असेल तर फरक लगेच जाणवतो. घर कौलारू असेल तर वाशांच्या खालच्या बाजूस चादरीची दुसरी जोडी दोरीने ताणून बांधावी, अर्थात ती चित्राच्या चौकटीत येणार नाही अशा बेताने. खोलीच्या अंधाऱ्या बाजूस, कॅमेऱ्यामागे, दोरीवर आणखी एक चादर किंवा पांढरा पुठ्ठा उभा केला की खिडकीकडून येणारा उजेड त्यावर आपटून सावल्यांमध्ये परत जातो. चादर पांढरीच असावी. फिकट गुलाबी किंवा पिवळी असल्यास भिंतींवर तोच रंग उतरतो. त्याच कारणाने नुकत्याच गर्द हिरव्या किंवा निळ्या तैलरंगाने रंगविलेल्या खोल्या चित्रात आजारी दिसतात, गादीवरील पांढरा पलंगपोसही हिरवट येतो. रंगकाम व्हायचे असेल तर किमान छत आणि खिडकीसमोरची भिंत पांढरी ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. चुन्याची ताजी सफेदी यासाठी उत्तम व स्वस्त आहे.

कापडावरून उजेड परावर्तित करण्याच्या या युक्तीला आपल्या देशात मोठी परंपरा आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ या बंगाली चित्रपटात काशीतील एका घराचा चौक दाखविला आहे. हा चौक प्रत्यक्षात कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेला होता. खऱ्या चौकात वरच्या मोकळ्या आकाशातून येणारा उजेड सावली न पाडता सर्वत्र झिरपतो. स्टुडिओतील दिवे थेट लावले तर प्रत्येक वस्तूच्या काळ्या सावल्या पडून खोटेपणा उघड झाला असता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणले व दिव्यांचे झोत त्या कापडावर टाकून परावर्तित उजेड खाली घेतला. पडद्यावर तो चौक खरा वाटतो. आपल्याकडील वाड्यांचे चौकही याच जातीचे आहेत. ज्यांच्या घराला चौक आहे त्यांनी चौकालगतच्या सोप्याची चित्रे ऊन चौकात थेट उतरण्याच्या आधी किंवा नंतर घ्यावीत; वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

कोकणात छपराला मधून मधून काचेचे कौल बसविलेले असते. त्यातून दुपारी उन्हाचा एकच झोत सरळ खाली येतो व जमिनीवर चौकोनी डाग पडतो. अशा कौलाखाली आतून पातळ पांढरे मलमल किंवा मिठाईच्या दुकानात मिळणारा तेलकट पांढरा कागद लावावा. झोत फुटून उजेड पसरतो. चित्रे झाली की कागद काढून टाकावा. तेथे उष्णता साठते.

खोली फारच आत असेल, तिला खिडकीच नसेल, तर आरशाचा उपयोग करावा. कपाटाचा किंवा न्हाव्याकडील मोठा आरसा अंगणात उन्हात ठेवून त्याचा झोत दारातून आत, समोरच्या पांढऱ्या चादरीवर टाकावा. चादर हीच मग खिडकीचे काम करते. सूर्य सरकतो तसा झोतही सरकत असल्याने दर दोन-तीन मिनिटांनी आरसा जुळवून घ्यावा लागतो, त्यासाठी एक माणूस लागतो. झोत कोणाच्याही, विशेषतः मुलांच्या डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी, आणि काम होताच आरसा पालथा ठेवावा. गवताच्या गंजीजवळ तो ठेवू नये.

दिव्यांचे रंग

विजेचे दिवे लावले की चित्र उजळते, पण रंग बिघडतात, असा अनेकांचा अनुभव आहे. प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विन या एककात सांगतात. समईचा उजेड सुमारे १९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचा २७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा ५५०० केल्विन, ढगाळ आकाशाचा ६५०० केल्विनच्या आसपास, तर मोकळ्या सावलीतला त्याहूनही अधिक असतो. आकडा लहान तितका उजेड तांबूस-पिवळा, मोठा तितका निळसर. डोळा हा फरक फारसा मनावर घेत नाही. कॅमेरा मात्र खिडकीकडची अर्धी खोली निळी आणि बल्बखालची अर्धी नारिंगी दाखवितो.

म्हणून दिवसा चित्र घेताना शक्यतो सर्व दिवे बंद ठेवावेत. दिवा लावणे भागच असेल तर खोलीतील सर्व दिवे एकाच केल्विनचे असावेत. एल.ई.डी. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. दिवसाच्या उजेडाला जोड द्यायची असेल तर ६५०० केल्विनचे, म्हणजे पांढरे दिवे चालतात. पण पाहुण्यांच्या खोलीत कायमसाठी २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे बसविणे चांगले. लाकूड, पितळ, जांभा दगड व माणसांचे चेहरे त्या उजेडात खुलतात. खोक्यावर सी.आर.आय. म्हणून आणखी एक आकडा असतो. वस्तूंचे खरे रंग त्या दिव्यात कितपत दिसतात ते त्यावरून कळते. तो ८० पेक्षा कमी नसावा, ९० असल्यास उत्तम.

काही एल.ई.डी. दिव्यांच्या उजेडात चित्रावर आडवे काळे पट्टे येतात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने स्वस्त दिवा सेकंदास १०० वेळा मंद-तेज होतो. शटरची वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास पट्टे जातात. ही सोय मोबाईलवर नसेल तर तो दिवा बदलणे हाच उपाय.

लग्नकार्यात वापरतात ते ५०० किंवा १००० वॅटचे हॅलोजन दिवे कोणी आणून देतो म्हटले तरी घरात लावू नयेत. ते अतिशय तापतात. मच्छरदाणी, पडदा, गवती छप्पर किंवा कोरडे लाकूड जवळ असेल तर आग लागण्याचा धोका असतो. १००० वॅटचा दिवा चार अँपिअरहून अधिक विद्युतप्रवाह घेतो. असे दोन दिवे घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर जोडल्यास जुने वायरिंग जळू शकते.

फ्लॅश

मोबाईलवरील फ्लॅश बंद करावा. उजेडाच्या उगमापासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, चौपट झाले की सोळावा हिस्सा उरतो. तीन फुटांवरील खुर्ची लख्ख आणि बारा फुटांवरील पलंग काळोखात, असे चित्र त्यामुळेच येते. वर काचेच्या तसबिरी, स्टीलची मांडणी, चकचकीत फरशी यांवर पांढरा डाग पडतो तो निराळा.

ज्यांच्याकडे वेगळा कॅमेरा व त्यावर बसणारा फिरता फ्लॅश आहे त्यांनी त्याचे तोंड छताकडे किंवा मागील भिंतीकडे करावे. छत पांढरे व दहा-बारा फुटांच्या आत असेल तर उजेड छान पसरतो. कौलारू छताचा यासाठी उपयोग नाही. उजेड वर जातो तो परत येत नाही. तेथे मागील दोरीवरची चादरच कामाला येते.

पोत दाखविण्यासाठी उजेड नेहमी बाजूने यावा. सारवणावरील बोटांची वळणे, जांभ्याचे चिरे, जुन्या खांबांवरील कोरीव काम हे समोरून आलेल्या उजेडात सपाट दिसते, बाजूच्या खिडकीतून आलेल्या उजेडात उठून दिसते. म्हणून खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या हातास येईल असे उभे राहावे. खिडकी पाठीशी घेऊन काढलेले चित्र स्पष्ट येते खरे, पण त्यात जीव नसतो.

कॅमेरा व मोबाईल यांची मांडणी

प्रथम भिंग मऊ कापडाने पुसावे. शेतात वापरलेल्या मोबाईलच्या भिंगावर घाम, तेल व धूळ असतेच, आणि खिडकीचा उजेड त्यावर पसरून सारे चित्र धुरकट येते. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

आतील उजेडात शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. शंभर लक्स उजेडात, आय.एस.ओ. १०० आणि भिंगाचे छिद्र एफ ८ ठेवले तर सुमारे दीड सेकंद लागतो. इतका वेळ कोणाचाही हात स्थिर राहत नाही. मोबाईलच्या भिंगाचे छिद्र एफ १.८ च्या आसपास असल्याने त्यास सुमारे १/१२ सेकंद पुरतो, तरीही हात हलतोच. आय.एस.ओ. वाढविला तर वेळ कमी होतो, पण चित्र रवाळ येते. तेव्हा तिपाई वापरावी. ती नसेल तर स्टुलावर दोन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्या खळग्यात मोबाईल रोवावा. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावावा. पंखा बंद करावा, पडदे स्थिर होऊ द्यावेत.

मोबाईल जमिनीपासून सुमारे चार फुटांवर धरावा व तो पुढे-मागे कलता ठेवू नये. मोबाईल खाली किंवा वर कलला की भिंती व दारांच्या चौकटी तिरक्या दिसतात. पडद्यावर आखणीच्या रेषा दाखविण्याची सोय असते, ती चालू करून दाराची उभी कड त्या रेषेशी जुळवावी. खोलीच्या कोपऱ्यातून किंवा दारातून दोन भिंती दिसतील असे चित्र घ्यावे.

पडद्यावर खिडकीपासून थोड्या अंतरावरील भिंतीवर बोट दाबून धरले की तेथील उजेडाचे माप पक्के होते. नंतर बोट खाली-वर सरकवून चित्र कमी-जास्त उजळ करता येते. खिडकी किंचित पांढरी झाली तरी चालेल, पण तिच्या गजांच्या रेषा दिसल्या पाहिजेत. एच.डी.आर. ही सोय चालू ठेवावी; मोबाईल अनेक चित्रे एकापाठोपाठ घेऊन उजळ व अंधारे भाग जुळवितो. वेगळ्या कॅमेऱ्यावर हेच काम हाताने करावे लागते. तिपाई न हलविता एक चित्र मध्यम, एक दोन पायऱ्या अंधारे व एक दोन पायऱ्या उजळ घ्यावे. येथे एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. नंतर संगणकावर ती एकत्र करावीत. मात्र हे मिश्रण बेताचे असावे. सावलीच उरली नाही तर खोली कॅलेंडरावरील चित्रासारखी दिसते.

दिवेलागणीची पंधरा मिनिटे

एवढे करूनही ज्या खोलीच्या खिडकीतून सुपारीची बाग किंवा भाताची खाचरे दिसतात, ती खोली आणि तो देखावा दोन्ही एकाच चित्रात हवे असतील तर संध्याकाळची वाट पाहावी. सूर्य मावळताना बाहेर काही शे लक्स उजेड असतो. आपल्या भागात पुढील बावीस-चोवीस मिनिटांत तो तीन-चार लक्सपर्यंत उतरतो. दिवे लावलेल्या खोलीत ५० ते १०० लक्स असतात. या उतरणीवर केव्हातरी, साधारण सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, आतला आणि बाहेरचा उजेड सारखा होतो. त्या वेळी खिडकीबाहेर निळसर आकाश, झाडांचे आकार आणि आत पिवळसर दिवा, हे सर्व एकाच मापात बसते. सकाळी जो रंगांचा फरक दोष होता तोच या वेळी शोभा देतो. ओटीवरचा दिवा, तुळशीपुढची पणती आणि उघडे दार यांचे अंगणातून घेतलेले चित्रही याच वेळी घ्यावे. वेळ थोडा असतो. खोली अगोदर आवरून, तिपाई लावून, चौकट ठरवून सूर्यास्ताच्या आधीच बसून राहावे. त्याच सुमारास भारनियमन असेल तर दिवस बदलावा.

देवघराचे चित्र घेण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. समईच्या उजेडात ते सुरेख येते, तेथे दुसरा दिवा लावण्याची गरज नसते.

खोली आहे तशीच दिसावी

अति रुंद भिंगाने दहा फुटांची खोली वीस फुटांची दिसते. पाहुणा चार जणांचे कुटुंब घेऊन येतो आणि दारातच त्याचा चेहरा पडतो. मग जेवण कितीही चांगले असो, तक्रार राहते, व ती तो इतरांनाही सांगतो. म्हणून मोबाईलचे नेहमीचे भिंगच वापरावे, खोलीची लांबी-रुंदी चित्राखाली फुटांत लिहावी. न्हाणीघराचे चित्र जरूर द्यावे. शहरातील पाहुणे, त्यातही महिला, ते आधी पाहतात. न्हाणीघर लहान असल्याने दार उघडे ठेवून बाहेर दोरीवर पांढरी चादर धरली की पुरेसा उजेड मिळतो. ओल्या भिंतीचे डाग उजेड वाढवून लपवू नयेत. डाग दिसत असेल तर गळती काढावी.

घराव्यतिरिक्त उपयोग

हीच तत्त्वे गोठा, कांदाचाळ, पॅकहाऊस यांनाही लागू पडतात. पॉलिहाऊसचा पांढरट कागद ऊन पसरवून देत असल्याने तेथे कोणत्याही वेळी चांगली चित्रे येतात. हिरव्या शेडनेटखाली मात्र फळे व पाने अनैसर्गिक हिरवी दिसतात; विक्रीसाठी चित्र घ्यायचे झाल्यास फळे बाहेर सावलीत आणावीत.

नैसर्गिक आपत्तीनंतर घरातील नुकसानीची चित्रे घ्यावी लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रायगड व उत्तर रत्नागिरीत हजारो घरांची कौले-पत्रे उडाली आणि पुढे बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी सुंदर चित्र नव्हे, स्पष्ट चित्र हवे. भिंतीची भेग दाखविताना विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरावी. भेगेच्या कडेची सावली पडून तिची रुंदी व खोली दिसते. समोरून विजेरी मारल्यास भेग नाहीशी होते. पाण्याची खूण किती उंचीवर आहे ते कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी किंवा ओळखीच्या मापाची वस्तू ठेवावी. प्रत्येक खोलीचे एक चित्र दारातून व एक जवळून घ्यावे. छप्पर उडालेल्या खोलीत ऊन थेट येत असेल तर सकाळी लवकर किंवा ढग असताना चित्र घ्यावे, म्हणजे वाशांच्या सावल्या आणि भिंतीवरील भेगा यांची गल्लत होणार नाही. साफसफाई सुरू करण्याआधी ही चित्रे घ्यावीत आणि मूळ चित्रांवर कोणतीही सुधारणा न करता ती तारखेसह तलाठी कार्यालयात किंवा विमा कंपनीकडे द्यावीत.